यथाशक्ती

विधीचा संक्षेप करावा काय, करावा तर कोठवर, आणि तो करण्याची मुखत्यारी कोणाकडे असावी, या प्रश्नांचा ऊहापोह आपल्या धर्मशास्त्राने शतकानुशतके केलेला आहे. परंतु त्या प्रश्नांची धग मनुष्याच्या अंतःकरणाला किती खोलवर लागते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने यज्ञशाळेचा वा देवळाचा उंबरठा ओलांडलाच पाहिजे असे नाही, एखाद्या खेळाच्या पटाशी जाऊन बसले तरी पुरे. ज्या खेळाचे मी उदाहरण घेणार आहे तो आपल्याकडचा नाही. इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली 'वॉरहॅमर' नावाचा एक युद्धखेळ प्रचारात आणला. इंचभर उंचीच्या धातूच्या वा प्लास्टिकच्या सैनिकमूर्ती खेळाडूने स्वतः जोडाव्या, केसाएवढ्या कुंचल्याने त्यांची चिलखते व मुद्रा रंगवाव्या, चौकोनी बैठकींवर बसवून त्यांच्या पलटणी उभ्या कराव्या, आणि मग टेबलावर मांडलेल्या डोंगर-झाडीतून पट्टीने अंतर मोजीत, फासे टाकीत, प्रतिपक्षाशी झुंज द्यावी, असे त्याचे स्वरूप. पलटणीने वळताना किती अंतर खर्ची पडते, बगलेवर हल्ला आला तर काय, धैर्य खचून ती पळू लागली तर कोठवर पळते, या प्रत्येक गोष्टीला कलम होते, कलमाला अपवाद होते, आणि अपवादांवरही खुलासे होते. असा शेकडो पानांचा तो ग्रंथ तीस वर्षांत लोकांच्या अंगवळणी पडला होता.

जुलै २०१५ मध्ये कंपनीने तो सारा सरंजाम मोडून 'एज ऑफ सिग्मार' नावाचा नवा खेळ आणला, आणि त्याचे मूळ नियम अवघ्या चार पानांत बसविले. पलटणींच्या रांगा गेल्या, चौकोनी बैठकींच्या जागी वाटोळ्या आल्या, आणि सर्वांत मोठा फेरफार म्हणजे प्रत्येक सैनिकाला पूर्वी जी गुणांची किंमत ठरवून दिलेली असे व जिच्या आधारे दोन सैन्ये समतोल केली जात, ती किंमतच नाहीशी झाली. ज्याला जेवढे सैन्य आणावेसे वाटेल त्याने तेवढे आणावे. काही मुलांना व नवख्यांना याचा हर्ष झाला, कारण आता एका संध्याकाळी शिकून त्याच संध्याकाळी खेळता येत होते. जुन्यांपैकी पुष्कळांना मात्र घरात कोणी वारल्यासारखे दुःख झाले. एकाने वर्षानुवर्षे रंगविलेले आपले सैन्य अग्नीला दिले आणि त्या दहनाचे चित्रण जगाला दाखविले. नव्या नियमांत काही थट्टेच्या सवलती होत्या, एका वीराच्या बाबतीत तर खेळणाऱ्याची मिशी प्रतिपक्षाहून भरघोस असेल तर फासा पुन्हा टाकण्याची मुभा होती. ती थट्टा या लोकांना आपल्या निष्ठेची विटंबना वाटली. त्यांचा संताप बाहेरच्याला हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. मला तो वाटत नाही. मनुष्य ज्या नियमांत राहिला, ज्यांच्या आधाराने त्याने आपले कौशल्य, आपली मैत्री आणि आपल्या रात्री रचल्या, ते नियम कोणी एका सकाळी रद्दबातल ठरवितो तेव्हा त्याला काय होते, हा गंभीर प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना मला नॉटिंगहॅमपेक्षा जैमिनी अधिक उपयोगी पडला.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात कर्माच्या अधिकाराचा विचार आहे, आणि त्यात एक भेद असा केलेला आहे की त्यापुढे आजच्या पुष्कळशा चर्चा उथळ वाटाव्या. अग्निहोत्र, दर्शपूर्णमास यांसारखी कर्मे जीवमान असेतोवर करावयाची, ती नित्य. पाऊस पडावा म्हणून कारीरी इष्टी करावी, पुत्र व्हावा म्हणून दुसरी एखादी करावी, ती काम्य. आता कर्त्याजवळ सर्व साधने नाहीत, सर्व अंगे त्याच्याने होत नाहीत, अशा वेळी काय करावे? नित्य कर्मात त्याने यथाशक्ती करावे, प्रधान कर्म घडले व एखादे अंग राहिले तरी कर्म झाले असे समजावे, कारण ते न करण्याची मोकळीक त्याला मुळातच नाही आणि शास्त्र अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही. काम्य कर्मात मात्र एकही अंग गाळण्याची सवलत नाही, कारण फळाची इच्छा त्याने आपण होऊन धरली आहे. ज्याला सर्व अंगे जुळवता येत नाहीत त्याने ते कर्म आरंभूच नये. संक्षेप चांगला की वाईट असा सरसकट प्रश्न मीमांसक विचारीतच नाही. तू हे कर्म कशासाठी करीत आहेस, एवढे तो आधी विचारतो.

हाच प्रश्न त्या टेबलाभोवतीच्या माणसांना विचारून पाहावा. दर शनिवारी त्याच चार मित्रांबरोबर बसणे हा ज्याच्या आयुष्याचा क्रम झाला होता, ज्याला खेळ म्हणजे मुख्यतः तो सहवास होता, त्याच्या दृष्टीने खेळ नित्य कर्माच्या पंगतीला जाऊन बसला होता. नियम चारशे पानांचे असोत की चार पानांचे, त्याने कुरकुर केली असेल, पण बसणे सोडले नाही. उलट ज्याला प्रावीण्य हवे होते, विजय हवा होता, बगलेवरच्या हल्ल्याचा अचूक कोन साधल्याचा तो क्षण हवा होता, त्याचे कर्म काम्य होते, आणि काम्य कर्मात एक जरी अंग गळाले तरी फळ मिळत नाही ही त्याची तक्रार शास्त्रशुद्ध होती. इतकी वर्षे हे दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंस बसून दोन भिन्न कर्मे करीत होते, आणि नियम जोवर एकच होते तोवर ते त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. संक्षेपाने ते उघडकीस आणले. नियम बदलताच माणसे एकमेकांवर का तुटून पडतात याचे याहून समाधानकारक स्पष्टीकरण मला सापडलेले नाही. धर्मसुधारणेच्या वादांतही मला हेच दिसते. श्राद्धाचा विधी आटोपशीर करावा असे कोणी म्हणताच एका भावाला हायसे वाटते व दुसरा खवळतो, तेव्हा त्या दोघांची श्रद्धा कमीअधिक आहे असे मानण्याची घाई करू नये. एक जण पितरांचे ऋण फेडीत असतो आणि दुसरा पितरांकडून काही मागत असतो, एवढाच भेद कित्येकदा असतो.

आपल्याकडे हा प्रसंग बुद्धिबळाच्या पटावर येऊन गेलेला आहे. मूळचे पैठणचे व पुढे काशीस स्थायिक झालेले जे भट्ट घराणे, त्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात रचलेल्या 'नीतिमयूख' या ग्रंथात राजनीतीच्या विवेचनाबरोबर बुद्धिबळाचे नियमही सांगितले आहेत. म्हणजे पटावरील चालींना त्या काळच्या एका मोठ्या धर्मशास्त्र्याने आपल्या निबंधात जागा दिली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत ग्रंथावरून केलेले इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले, तेव्हा युरोपीय पद्धतीच्या खेळाशी मिळतेजुळते केलेले अशी ग्वाही त्याच्या नावातच द्यावी लागली. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजाला किल्ल्यात नेण्याची युरोपीय रीत नव्हती, शह बसण्यापूर्वी त्याला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर तो निम्मा विजय मानीत. आणि प्याद्याने केलेली मात, जिला प्यादेमात म्हणत, ती सर्वांत मानाची. शिवाय हे नियम प्रांतागणिक, कधी गावागणिक बदलत. १९२४ साली पॅरिसला जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली, १९५१ साली आपल्याकडे अखिल भारतीय संघटना आली, १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा होऊन रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले, आणि जगभर एकच नियम चालू लागला. गावोगावच्या वहिवाटी काढून टाकून एकच कायदा करणे हाही एक मोठा संक्षेपच होता.

गोव्यात मोरजीस आमच्या आजोळच्या घरी देशी डाव पुष्कळ वर्षे चालू राहिला. मामांचा पट कापडी होता, त्यावर काळ्यापांढऱ्या घरांचा भेद नव्हता, नुसत्या दोऱ्याने शिवलेल्या रेघा. मोहरी कातीव लाकडाची, एक बाजू तांबडी व एक हिरवी, आणि वजीर व उंट यांतला फरक नवख्याला हातात घेऊन पाहिल्याखेरीज कळू नये असा. अलीकडच्या काळात हिवाळा लागला की मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन पाहुण्यांची वस्ती होते. त्यांतले एक प्रौढ गृहस्थ एका मोसमात आमच्या शेजारी भाड्याने राहिले आणि सोप्यावर मांडलेला पट पाहून आपण होऊन पायऱ्या चढून आले. दुभाषी मी. पहिल्याच चालीला त्यांनी प्यादे दोन घरे सरकविले तेव्हा मामा थांबले, त्यांच्याकडे पाहिले, मग मला म्हणाले, "असू दे रे. एक घर काय नि दोन घरं काय, प्यादं शेवटी पुढंच जाणार." राजाची अडीच घरांची उडीही त्यांनी सोडून दिली, किल्ला करावयास शिकले. पण डाव रंगात आला आणि पाहुण्यांचे प्यादे हत्तीच्या उभ्या ओळीतून शेवटच्या घरी पोचून वजीर होऊ लागले, तेव्हा मामांनी पटावर हात आडवा धरला. "त्यांना सांग, हत्तीच्या घरात शिरलेलं प्यादं हत्तीच होणार. वजीर व्हायचं तर वजिराच्या घरी जायला हवं. नुसतं पोचलं म्हणून मिळेल ती पदवी कशी घेईल?" मी ते जसेच्या तसे सांगितले. ते गृहस्थ पुष्कळ वेळ पटाकडे पाहत राहिले, मग त्यांनी वजीर उचलून बाजूस ठेवला व हत्ती मांडला; आणि त्या संपूर्ण मोसमात ते दोघे त्याच मिश्र नियमांनी खेळले.

मामांनी मीमांसा वाचलेली नव्हती. तरी अंग कोणते व प्रधान कोणते याचा निवाडा त्यांनी क्षणात केला. चालीचा वेग त्यांच्या लेखी अंग होता, तो त्यांनी विनातक्रार सोडला. स्थानाने पद ठरते हा न्याय त्यांच्या लेखी खेळाचा गाभा होता, त्याला ते हात लावू देईनात. पुस्तकी दृष्टीने पाहणारा म्हणेल की दोन्ही नियम सारखेच, दोन्ही माणसानेच केलेले. परंतु नियमांचे महत्त्व त्यांच्या संख्येत वा काठिण्यात नसून ते मनुष्याकडून कोणत्या प्रकारचा विवेक मागतात यात आहे, आणि संक्षेप करणाऱ्याने पहिली चौकशी हीच करावयास हवी की मी काढून टाकतो आहे त्या कलमाबरोबर कोणता विवेक काढून टाकतो आहे. देशी डावातून युरोपीय डावात गेलेल्यांपैकी मीर सुलतान खान १९२९, १९३२ व १९३३ असा तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यवीर झाला. त्यापूर्वी कलकत्त्याच्या महेशचंद्र बॅनर्जींनी जॉन कॉक्रेनशी खेळलेल्या डावांत प्यादी एकेका घराने सावकाश पुढे आणून बाजू बांधण्याची जी सवय दिसते, तिच्यामुळेच पुढे जगाच्या पाठीवर 'इंडियन डिफेन्स' हे नाव रूढ झाले. नियम गेला, पण त्या नियमाने घडविलेली दृष्टी नव्या नियमात आपले घर करून राहिली.

संक्षेपाने खेळ सोपा होतो ही समजूत मला मुळातच तपासून पाहावीशी वाटते. प्रशियाच्या फौजेत लेफ्टनंट राइस्वित्स याने १८२४ साली नकाशावर खेळावयाचा युद्धाभ्यास मांडला. मोठ्या प्रमाणावर काढलेला नकाशा, तुकड्यांचे ठोकळे, फासे, हानीची कोष्टके, मध्यस्थ पंच असा त्याचा थाट. सेनाप्रमुख म्युफ्लिंग याने तो पाहून सर्व सैन्यास शिफारस केली. पुढे कोष्टके वाढत गेली, अधिकारी आकडेमोडीत गुंतू लागले, आणि १८७६ मध्ये फेर्डी दु व्हर्नुआ या सेनानीने बहुतेक सर्व कलमे काढून टाकून असे सुचविले की पंचाने आपल्या अनुभवाने निकाल द्यावा. कलमे गेली आणि सारा भार एका मनुष्याच्या निर्णयबुद्धीवर पडला; पंच सुज्ञ असेल तर अभ्यास पूर्वीपेक्षा सकस, पंच हेकट असेल तर निव्वळ मनमानी. 'एज ऑफ सिग्मार'मध्ये गुणांची किंमत गेली तेव्हा नेमके हेच घडले. किती सैन्य आणावे हे पूर्वी कोष्टक ठरवी. आता ते दोघा खेळाडूंनी परस्परांच्या सद्भावावर ठरवावयाचे होते, आणि तो सद्भाव दाखविणे हे शेकडो पाने पाठ करण्याहून कितीतरी कठीण आहे असा अनुभव आला. लोकांनी कोष्टक परत मागितले, व २०१६ साली कंपनीने ते दिले.

भक्तिमार्गाविषयी जे लोक संतांनी धर्म सोपा केला एवढेच म्हणून थांबतात, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा. यज्ञाला आरंभ असतो व पूर्णाहुती असते. अवभृथ स्नान झाले की यजमान मोकळा. ऋत्विजांची दक्षिणा, समिधांची संख्या, वेदीचे माप, सर्व मोजलेले. आणि जे मोजलेले आहे ते पुरे झाले हे सांगता येते. नामस्मरणाला ना वेदी, ना ऋत्विज, ना काळाचे बंधन. पण म्हणूनच ते पुरे झाले असे कधी म्हणता येत नाही. संतांनी कर्मकांडाची पाने कमी केली आणि त्या पानांत जी जबाबदारी वाटून ठेवलेली होती ती एकवटून मनुष्याच्या अंतःकरणावर ठेवली. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत या मंडळींनी जी तळमळ भोगली ती सोपा मार्ग धरलेल्यांची तळमळ नव्हे. पुढे ज्यांनी त्या मार्गाचा सोपेपणा तेवढा घेतला व भार घेतला नाही, त्यांच्या हाती टाळ राहिले.

मीमांसेच्या त्याच अध्यायात प्रतिनिधीचाही विचार आहे. सोम मिळाला नाही तर पूतीक वनस्पती घ्यावी, भात मिळाला नाही तर नीवार घ्यावा. परंतु काही गोष्टींना प्रतिनिधी नाही. देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही, आणि स्वतः यजमानाला नाही. या शेवटच्या गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो. द्रव्य बदलेल, साधन बदलेल, पण ज्याचे कर्म आहे त्याच्या जागी दुसरा उभा करता येत नाही. आमच्या गोव्याने याचा पडताळा घेतलेला आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमदानीत उद्ध्वस्त झाले. कदंब राजांच्या वेळचे वैभव, तीर्थाचा परिसर, उत्सवाची सारी अंगे मागे राहिली, आणि लिंग तेवढे नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे गावी आले. १६६८ साली शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्या मधल्या शंभराहून अधिक वर्षांत जी पूजा झाली असेल ती कोणत्याही पोथीच्या मापाने अपुरीच; परंतु देवता होती, आणि पूजा करणारा होता, तेव्हा ती खंडित झाली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. यथाशक्ती या शब्दाला जे वजन आहे ते अशा काळाने दिलेले आहे, सवडीने दिलेले नाही.

राहिला मुखत्यारीचा प्रश्न. त्या इंग्रज कंपनीवर लोक रागावले त्याच्या मुळाशी, मला वाटते, हेही होते की नियमांची मालकी कागदोपत्री तिची असली तरी ते नियम जगविले होते खेळणाऱ्यांनी, आणि त्यांना कोणी विचारले नाही. धर्मशास्त्रात पूर्वी चालणाऱ्या कित्येक गोष्टी कलियुगात वर्ज्य ठरविल्या गेल्या. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात या कलिवर्ज्यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि ते वाचताना ध्यानात येते की जुने विधान खोटे होते असे निबंधकार कोठेही म्हणत नाहीत. काळ बदलला, कर्त्याची शक्ती बदलली, म्हणून शिष्टांनी लोकरक्षणार्थ ही व्यवस्था लावली, असे म्हणतात. जुन्याचा मान राखून नवे लागू करण्याची ती रीत होती. गेम्स वर्कशॉपने जानेवारी २०२४ मध्ये 'ओल्ड वर्ल्ड' या नावाने चौकोनी बैठकींचा खेळ पुन्हा बाजारात आणला, व आता दोन्ही खेळ शेजारी शेजारी चालतात. ही व्यवस्था आठ-नऊ वर्षे आधी सुचली असती तर ते सैन्य जाळले गेले नसते.

आमच्या पेडणे महालात देवळाच्या कामात काही फेरफार करावयाचा तर महाजन-मानकरी एकत्र बसून देवापुढे कौल लावतात, ही वहिवाट मला या दृष्टीने फार शहाणपणाची वाटते. कारण कौल काय येतो याहूनही, विचारण्यासाठी सर्वांना देवापुढे उभे राहावे लागते, याला महत्त्व आहे. हल्ली जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावताराविषयी अशा विचारणेची गरज निर्माण झाली आहे. प्रेक्षक पहाटेपर्यंत थांबत नाहीत, म्हणून आख्यानापूर्वीचा जो आड दशावतार, ज्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, भट, सरस्वती व संकासुर ही सोंगे येतात, तो आखडता घेण्याकडे कल दिसतो, आणि झगझगीत लढायांचे आख्यान मात्र पुरे केले जाते. वेळ कमी आहे हे मला मान्य आहे. काटछाट करावी हेही मान्य आहे. पण वेद चोरणारा संकासुर आणि त्याला मारण्यासाठी येणारा विष्णू, एवढाच त्या सबंध रात्रीत अवताराचा खरा प्रवेश असतो, मत्स्यावताराची कथा तीच. त्यावरूनच या नाट्याला दशावतार म्हणावयाचे. तो प्रवेश अंग नव्हे, प्रधान आहे. आख्यानातील एखादी लढाई कमी करावी, एखादे लांबलेले भाषण आवरावे, पण संकासुराला हात लावू नये, असे मी आमच्याकडच्या मंडळींना सांगत आलो आहे. त्यांनी अजून कौल लावलेला नाही.